टर्बो, स्मार्ट हायब्रिड आणि इंजिन ऑइल : वाचकांचे प्रश्न

मारुती सुझुकीच्या फ्रॉन्क्स या गाडीत मिळणाऱ्या एक लिटरच्या ‘बूस्टरजेट’ टर्बो पेट्रोल इंजिनाबद्दल आणि त्याला जोडलेल्या ‘स्मार्ट हायब्रिड’ यंत्रणेबद्दल या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. काही पत्रांत खरेदीपूर्वीची शंका आहे, तर काहींत गाडी दारात उभी राहिल्यानंतरची काळजी आहे. त्यांतील निवडक पत्रांचा आशय आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : शोरूममध्ये आम्हाला सांगण्यात आले की टर्बो मॉडेल ‘हायब्रिड’ असल्यामुळे पेट्रोलची मोठी बचत होईल. माझे मेहुणे म्हणतात की हे हायब्रिड केवळ नावापुरते आहे. या इंजिनात नेमके काय असते आणि दोघांपैकी कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ आहे. तरीही ‘नावापुरते’ हा शब्द थोडा अन्याय करणारा आहे, म्हणून आधी रचना समजून घेऊ.

मूळ इंजिन तीन सिलिंडरचे आणि ९९८ सीसीचे आहे. पेट्रोल इनटेक मार्गात न फवारता थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि हवा टर्बोचार्जरने दाबून आत ढकलली जाते. भारतातील फ्रॉन्क्समध्ये हे इंजिन ५५०० आरपीएमला (मिनिटाला ५५०० फेऱ्यांना) सुमारे १०० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) शक्ती आणि २००० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यात सुमारे १४८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. याच गाडीत मिळणाऱ्या १.२ लिटरच्या साध्या इंजिनाचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे आकाराने लहान असूनही टर्बो इंजिन सुमारे तीस टक्के अधिक टॉर्क देते, तेही कमी आरपीएमला, आणि गाडीत बसल्यावर आपल्याला जो पिकअप जाणवतो तो मुख्यतः याचा असतो.

हायब्रिडचा भाग त्यानंतर येतो. साध्या गाडीत जेथे अल्टरनेटर असतो तेथे या इंजिनाला एक दुहेरी कामाचे यंत्र बसवलेले आहे. ते पट्ट्याने क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांडीला, जोडलेले असते. गाडीचा वेग कमी होताना ते जनरेटर बनून वीज तयार करते आणि ती एका छोट्या लिथियम-आयन बॅटरीत साठवते. सिग्नलला बंद पडलेले इंजिन तेच पुन्हा सुरू करते, आणि वेग घेताना मोटर बनून क्रँकशाफ्टला थोडा हातभार लावते. केवळ विजेवर चाके फिरवणे त्याला शक्य नाही. म्हणूनच जगभर अशा रचनेला माइल्ड, म्हणजे सौम्य, हायब्रिड म्हणतात. टोयोटाच्या हायरायडरमध्ये किंवा मारुतीच्याच ग्रँड विटारामध्ये मिळणारी स्ट्राँग हायब्रिड यंत्रणा शहरातील संथ गतीत गाडी निव्वळ विजेवर चालवू शकते, आणि दोन्हींमध्ये हाच मूलभूत फरक आहे.

बचत किती होईल याचा अंदाज आपण कागदावरही काढू शकतो. माणसांसह सुमारे १२५० किलो भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्यात साधारण ४८ वॅट-तास इतकी गतिज ऊर्जा असते. हायब्रिडची बॅटरी शंभर वॅट-तासांहून लहान असली, तरी ही ऊर्जा तिच्यात मावू शकते. अडचण बॅटरीच्या आकारापेक्षा जनरेटरच्या ताकदीत अधिक आहे. आपण सहा सेकंदांत गाडी थांबवली, तर ती ऊर्जा सरासरी २९ किलोवॅट या वेगाने बाहेर पडते, आणि १२ व्होल्टच्या यंत्रणेतील हे छोटे जनरेटर जेमतेम दोन-तीन किलोवॅट पकडू शकते. उरलेली सगळी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. त्यामुळे ब्रेक मारून मिळणाऱ्या ‘फुकट’ विजेची अपेक्षा मर्यादितच ठेवावी. बचतीचा दुसरा आणि महत्त्वाचा स्रोत सिग्नलला इंजिन बंद राहण्याचा आहे, आणि त्याचा उपयोग आपण कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत किती वेळ उभे राहता यावर अवलंबून राहील.

कंपनीचे स्वतःचे आकडेही हेच सांगतात. मॅन्युअल गिअरच्या टर्बो-हायब्रिड फ्रॉन्क्ससाठी प्रतिलिटर २१.५ किलोमीटर आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी २०.०१ किलोमीटर असा दावा आहे, तर हायब्रिड नसलेल्या १.२ लिटरच्या मॅन्युअल गाडीसाठी २१.७९ किलोमीटर. म्हणजे टर्बोची जादा ताकद घेऊनही ॲव्हरेज फारसे खाली येऊ नये, एवढे काम हायब्रिडने केले आहे. केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी टर्बो मॉडेलला जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पिकअप हवा असेल, चार माणसे आणि सामान घेऊन लांबचा प्रवास नेहमी होत असेल, तर मात्र ते पैसे योग्य ठिकाणी लागतात.

प्रश्न : आम्हाला कामानिमित्त वारंवार बोरघाट चढावा-उतरावा लागतो आणि वर्षातून काही वेळा महाबळेश्वरलाही जाणे होते. घाट उतरताना बॅटरी चार्ज होत असल्यामुळे ब्रेक कमी झिजतील का? आणि उंचीवर टर्बो इंजिन दमते का?
— एक वाचिका, पनवेल

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे, म्हणून ते आधी देतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेची घनता किनाऱ्याच्या तुलनेत बारा-तेरा टक्क्यांनी कमी असते. साधे इंजिन विरळ हवा जशी मिळेल तशी ओढते, त्यामुळे त्याची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बो इंजिनात दाब नियंत्रित करणारी झडप, जिला वेस्टगेट म्हणतात, ती अधिक वेळ बंद ठेवून कंट्रोल युनिट टर्बोला जास्त फिरवते आणि ही तूट बरीचशी भरून काढते. म्हणून चढावर टर्बो गाडी तुलनेने ताजीतवानी वाटते. फक्त आरपीएम १५०० च्या खाली गेलेले असताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन ओढत नेऊ नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात सविस्तर दिले आहे.

उतारावर मात्र हायब्रिडवर विसंबू नका. लोणावळा ते खोपोली हा उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा आहे. साडेबाराशे किलोची गाडी तेवढी खाली आली की जवळपास १.९ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. आपल्या बॅटरीची क्षमता एका युनिटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. घाटाच्या सुरुवातीलाच ती भरून जाईल आणि त्यानंतर जनरेटर गाडीला रोखण्यात काहीच वाटा उचलणार नाही. उतारावर ब्रेक वाचवण्याचा मार्ग जुनाच आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे आणि इंजिनाचा रोध वापरावा. ऑटोमॅटिक गाडीत स्टिअरिंगमागे दिलेल्या पॅडलने खालचा गिअर धरून ठेवता येतो. गाडी ‘डी’मध्ये सोडून पायाने ब्रेक दाबत घाट उतरणारे अनेक चालक दिसतात. ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका त्यांनी गांभीर्याने घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : माझे बहुतेक प्रवास शहरातल्या शहरात, पाच-सहा किलोमीटरचे असतात. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंशांवर जाते. ओळखीचे मेकॅनिक सांगतात की टर्बो पेट्रोल गाडी लाखभर किलोमीटरनंतर खर्चात टाकते. या इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दल आपले प्रामाणिक मत काय आहे आणि काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देत आहे.

रचनेच्या दृष्टीने मी हे इंजिन विश्वासार्ह मानतो. २०१७ पासून युरोपात विकल्या गेलेल्या स्विफ्टमध्ये याच कुळातील इंजिन अशाच १२ व्होल्टच्या हायब्रिडसह १११ पीएस शक्ती देत होते. भारतात त्याच्याकडून त्याहून कमी ताकद मागितली जाते. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) फिरवण्यासाठी रबरी पट्टा नसून धातूची चेन आहे. टर्बो साध्या रचनेचा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा, म्हणजे वर्षानुवर्षे पारखलेला आहे. हायब्रिडचे जे यंत्र लोकांना नवे म्हणून भीतिदायक वाटते, ते खरे तर थोडे मोठे अल्टरनेटरच आहे. त्याचा पट्टा आणि पट्टा ताणून धरणारा टेन्शनर यांच्यावर साध्या गाडीपेक्षा अधिक ताण येतो, कारण दर सिग्नलला इंजिन सुरू करण्याचा झटका त्यांना सोसावा लागतो. सर्व्हिसिंगच्या वेळी या दोन वस्तू डोळ्यांनी तपासून घेतल्या की बरेचसे काम झाले. या इंजिनाचे आयुष्य ठरते ते टर्बो आणि थेट इंधन फवारणी या दोन गोष्टींवर, आणि त्या दोन्हींचे आरोग्य ऑइलवर अवलंबून असते.

टर्बोची दांडी पूर्ण ताकदीच्या वेळी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. तिच्या एका टोकाला सिलिंडरमधून बाहेर पडलेले लालबुंद वायू असतात आणि मध्यभागी तिला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल जुने, काळे किंवा कमी झाले की हा थर तुटतो आणि बेअरिंग झिजते. महामार्गावर वेगाने आल्यावर लगेच चावी बंद केली, तर फिरणे थांबलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल उष्णतेने जळून कडक कोळशासारखे चिकटते. टर्बोभोवती कूलंट फिरत असल्यामुळे हा धोका पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे. तरीही हायवेवरून ढाब्यावर वळल्यानंतर अर्धा-एक मिनिट इंजिन संथ चालू ठेवावे. अशा वेळी हायब्रिड यंत्रणा इंजिन आपोआप बंद करू पाहत असेल, तर डॅशबोर्डवरील बटणाने तेवढ्यापुरती ती सोय बंद ठेवता येते. शहरातील हळू प्रवासानंतर याची काहीच गरज नाही.

दुसरा मुद्दा आपल्या पाच-सहा किलोमीटरच्या प्रवासांचा आहे, आणि नागपूरच्या उन्हापेक्षा मला त्याचीच चिंता अधिक वाटते. इंजिन पूर्ण तापण्यापूर्वी थेट फवारलेल्या पेट्रोलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवर चिकटतो आणि पिस्टनच्या रिंगांवाटे खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतो. इंजिन नीट तापले की हे पेट्रोल उडून जाते. ते तापण्याआधीच प्रवास संपत असेल, तर ऑइल दिवसेंदिवस पातळ होत जाते. कंपनीचे वेळापत्रक १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल त्याचे आहे. आपल्यासारख्या वापराला ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळे, कमी अंतराचे वेळापत्रक दिलेले असते. तेच आपले समजावे आणि ऑइल व फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलावे. वर्षाला होणारा हा थोडा जादा खर्च टर्बो बदलण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. त्याशिवाय आठवड्यातून एकदा तरी गाडी वर्धा रोडने किंवा काटोल रोडने अर्धा-पाऊण तास सलग चालवावी.

ऑइल कोणते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लहान टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त भार असताना कधी कधी ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेट घेते. पेट्रोल आणि ऑइल यांचा सूक्ष्म थेंब रिंगेजवळून ज्वलनकक्षात उडतो आणि तोच ठिणगीचे काम करतो. त्यातून दाबाचा इतका प्रचंड झटका बसतो की पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटू शकते. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त रसायनांमुळे हा दोष वाढतो असे लक्षात आल्यावर ऑइलची नवी प्रमाणके आली : २०१८ मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एपीआय एसपी’. डब्यावर ‘एसपी’ लिहिलेले, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या श्रेणीचे ऑइलच वापरावे. बाहेरच्या गॅरेजमध्ये ड्रममधले सुटे ऑइल भरून घेऊ नये. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओढत नेऊ नये असे पनवेलच्या वाचिकेला लिहिले, त्याचेही कारण हेच आहे. एक गिअर खाली घेतला की आरपीएम वाढतो, भार घटतो आणि हा धोका जवळपास संपतो.

थेट फवारणीचा आणखी एक परिणाम सावकाश दिसतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत असल्यामुळे ते व्हॉल्व्ह आपोआप धुतले जात. येथे तसे होत नाही, आणि क्रँककेसमधून परत येणारी ऑइलची वाफ त्यांच्यावर थर धरते. बऱ्याच किलोमीटरनंतर सकाळी इंजिन थरथरणे, एखादा सिलिंडर चुकणे, पिकअप मंदावणे अशी लक्षणे दिसली, तर कार्बनची शंका घ्यावी. पेट्रोलच्या टाकीत टाकायच्या बाटल्या विकल्या जातात, पण ते पेट्रोल व्हॉल्व्हच्या त्या बाजूपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे या कामासाठी त्यांचा उपयोग नाही. इनटेक उघडून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून व्हॉल्व्ह स्वच्छ करणे हा खात्रीचा उपाय आहे.

उन्हाबद्दल थोडक्यात. दाबलेली हवा तापते, ती इंटरकूलर थंड करतो. बाहेरच ४५ अंश असतील तर तो तरी किती थंड करणार? अशा वेळी नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके, टाळण्यासाठी कंट्रोल युनिट ठिणगी किंचित उशिरा पाडते आणि दुपारी पिकअप कमी वाटतो. हा बिघाड नाही. कूलंटची पातळी मात्र नियमित पाहावी, साधे पाणी भरू नये, आणि इंटरकूलर व रेडिएटरच्या जाळीतील धूळ-कचरा उन्हाळ्यापूर्वी साफ करून घ्यावा.

प्रश्न : टर्बो फ्रॉन्क्सला बाहेरून सीएनजी किट बसवावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बसवू नये. थेट फवारणीच्या इंजेक्टरचे टोक ज्वलनकक्षात असते आणि त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलनेच ते थंड राहते. गॅसवर चालताना हे शीतकरण थांबते. शिवाय वॉरंटी धोक्यात येते. सीएनजीच हवा असेल तर फ्रॉन्क्सचे १.२ लिटरचे इंजिन कंपनीच्याच किटसह मिळते.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत इथेनॉल तयार होते, त्यामुळे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलबद्दल आम्हाला आपुलकी आहे. तरीही टर्बो इंजिनाला त्याचा त्रास होईल का, आणि ॲव्हरेज किती घटेल?
— एक वाचक, शिरोळ, जि. कोल्हापूर

उत्तर : फ्रॉन्क्स एप्रिल २०२३ मध्ये बाजारात आली, म्हणजे नव्या गाड्यांतील इंधनमार्गाचे साहित्य वीस टक्के इथेनॉल सोसणारे असावे ही अपेक्षा लागू झाल्यानंतर. त्यामुळे तिच्या नळ्या, सील आणि पंप यांची काळजी करण्याचे कारण नाही.

ॲव्हरेज मात्र घटणारच, आणि हे उघडपणे सांगितले पाहिजे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिश्रणात प्रतिलिटर ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्क्यांनी कमी भरते, आणि पूर्वीच्या दहा टक्के मिश्रणाच्या तुलनेत साधारण साडेतीन टक्क्यांनी. आपल्या गाडीच्या ॲव्हरेजमध्ये त्याच सुमाराची घट दिसली तर ती स्वाभाविक समजावी. त्याहून बरीच जास्त दिसली, तर टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि ब्रेकचे अडकणे तपासावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असतो आणि वाफ होताना ते अधिक उष्णता शोषून घेते. थेट सिलिंडरमध्ये फवारणी होणाऱ्या टर्बो इंजिनात यामुळे आतली हवा थंड होते आणि नॉकिंगची शक्यता घटते. इथेनॉलच्या या गुणाचा फायदा घेण्याची क्षमता साध्या इंजिनापेक्षा टर्बो इंजिनात जास्त असते. एक पथ्य पाळावे : गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल तसेच सोडू नये, कारण इथेनॉल हवेतील ओलावा धरते.

प्रश्न : उन्हाळ्यात सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणे जवळजवळ थांबले आहे. हायब्रिडची बॅटरी गेली असेल का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. एसीला भरपूर थंडावा द्यायचा असेल, इंजिन पुरेसे तापलेले नसेल, बॅटरीचा चार्ज कमी असेल, किंवा चालकाचा सीटबेल्ट लावलेला नसेल, तर यंत्रणा इंजिन चालूच ठेवते. ठाण्याच्या मे महिन्यात पहिले कारण दिवसभर लागू असते.

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात : नेहमीची लेड-ॲसिड आणि हायब्रिडची लिथियम. आधी दमते ती बहुतेक वेळा लेड-ॲसिडच, आणि ती दमली तरीही इंजिन आपोआप बंद होणे थांबते. बदलताना स्टार्ट-स्टॉप यंत्रणेसाठी असलेल्या प्रकारचीच बॅटरी घ्यावी. कोपऱ्यावरच्या दुकानातली स्वस्त साधी बॅटरी तेथे लवकर मान टाकते. पावसाळा सुरू झाल्यावरही इंजिन बंद होत नसेल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून दोन्ही बॅटऱ्यांची स्थिती पाहावी.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये फोर्ड प्यूमा चालवतो. तिच्यातही एक लिटरचे टर्बो इंजिन आणि माइल्ड हायब्रिड आहे. या इंजिनाच्या ‘ओल्या पट्ट्या’बद्दल येथे बरेच बोलले जाते. फ्रॉन्क्सचे आणि याचे दुखणे एकच आहे का?
— एक मराठी वाचक, लेस्टर

उत्तर : दोन्ही इंजिने तीन सिलिंडरची, एक लिटरची, थेट फवारणीची आणि टर्बोची असली, तरी या एका बाबतीत त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

फोर्डचे एक लिटर इकोबूस्ट इंजिन २०१२ मध्ये आले आणि २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे त्याने ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळवला. भारतातही ते २०१३ च्या इकोस्पोर्टमध्ये १२५ पीएस शक्तीसह मिळत असे, त्यामुळे महाराष्ट्रातील काही वाचकांच्या दारात ते आजही असेल. त्या मूळ इंजिनात कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा ऑइलमध्ये भिजलेला असतो. त्यामुळे घर्षण आणि आवाज कमी होतो, हा हेतू चांगला होता. पण ऑइलमध्ये पेट्रोल मिसळले किंवा चुकीचे ऑइल भरले, की पट्ट्याचे रबर हळूहळू सुटते. त्याचा चुरा ऑइलच्या जाळीत अडकतो, ऑइलचा दाब पडतो आणि टर्बोसह सगळे इंजिन कोरडे पडते.

प्यूमाच्या माइल्ड हायब्रिड इंजिनात फोर्डने कॅमशाफ्टसाठी चेन बसवली. ऑइल पंप फिरवणारा छोटा पट्टा मात्र अजूनही ऑइलमध्येच आहे. या पंपाच्या पट्ट्याच्या टेन्शनरमधील दोषामुळे फोर्डने अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये एक लिटर इंजिनाच्या फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या गाड्या प्यूमाहून वेगळ्या आहेत, पण ऑइलचा दाब गेल्यावर काय होते हे त्यावरून कळते. म्हणून आपण फोर्डने ठरवलेल्या प्रमाणकाचेच ऑइल वापरावे, ते कंपनीच्या मुदतीआधीच बदलावे, पावत्या जपून ठेवाव्यात, आणि ऑइलच्या दाबाचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी गाडी तेथेच थांबवून उचलून न्यावी. लाल दिवा लागलेला असताना ‘घरापर्यंत जाऊ’ हा विचार मनात आणू नये.

हायब्रिडच्या बाबतीत आपली गाडी सरस आहे. तिची यंत्रणा ४८ व्होल्टची आहे आणि साडेअकरा किलोवॅटचे यंत्र ५० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क देऊ शकते. टर्बोला दाब तयार करायला जो क्षण लागतो तो त्यामुळे खरोखर भरून निघतो. ताकदीच्या आकड्यातून वाहन उत्पादकांनी ४८ व्होल्टचा मार्ग का धरला हे लगेच समजते. सुझुकीनेही २०२० मध्ये युरोपातील आपल्या १.४ लिटर टर्बो गाड्यांना ४८ व्होल्टची यंत्रणा दिली, आणि भारतात २०१९ च्या एमजी हेक्टरच्या पेट्रोल हायब्रिडमध्ये ती आपण पाहिली आहे. आपल्याकडील लहान गाड्यांत किमतीच्या दडपणामुळे अजून १२ व्होल्टवरच भागवले जाते, आणि मला याची खंत वाटते.

प्रश्न : फ्रॉन्क्स परवडत नाही, म्हणून तेच टर्बो इंजिन असलेली जुनी बलेनो आरएस पाहत आहे. काय तपासावे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बलेनो आरएस २०१७ मध्ये आली. तिच्यात याच कुळातील एक लिटर बूस्टरजेट इंजिन सुमारे १०२ पीएस शक्ती देत असे, मात्र हायब्रिडची जोड नव्हती, आणि प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू होताना ती बंद झाली. म्हणजे आपण पाहत असलेली गाडी सहा-सात वर्षे तरी जुनी आहे. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ऑइल बदलल्याच्या नोंदींना अधिक महत्त्व द्यावे. नोंदीच नसतील, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी. रात्रभर उभी असलेली गाडी आपल्यासमोर सुरू करून घ्यावी. निळसर धूर, चेनचा खडखडाट किंवा थरथरणारे इंजिन दिसले तर पुढे जाऊ नये. इंटरकूलरच्या नळ्यांत ऑइलचा किंचित ओलावा चालतो, थारोळे चालत नाही.

आणखी एक तपासणी चुकवू नये. साध्या पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये तयार होणारी निर्वात पोकळी ब्रेकच्या बूस्टरला पुरते. टर्बो इंजिनात तेथे बराच वेळ उलट दाब असतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. याच पंपात दोष असण्याच्या शक्यतेवरून मारुतीने एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ बलेनो आरएस परत बोलावल्या होत्या. ऑक्टोबर २०१६ च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या गाड्यांचा त्यात समावेश होता. पंप बिघडला तर ब्रेकचे पेडल जास्त जोराने दाबावे लागते. विक्रेत्याकडून चासी क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तो दाखवावा आणि हे काम त्या गाडीवर झाले आहे याची नोंद पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.